‘नागफणी वाहिनी’च्या नोंदीतलं एक नाव

कुसगाव, लोणावळा
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय सत्यम (तिकडे सुपरवायझरसाहेब झाला असलास तरी माझ्यासाठी सत्यमच),

अक्षर ओळखलंस का? पूर्वी तूच म्हणायचास की ताई, तुमच्या हातची बातमी म्हणजे मुंग्यांची वरात, वाचताना तुमची तुम्हालाच ठेच लागते. आता चष्म्याचा नंबर वाढलाय, डावा गुडघा कुरकुरतो, शिवणाचे क्लास बंद केले. अक्षर मात्र होतं तस्संच आहे. फोनवर तू बोलू देत नाहीस. मी वाहिनीचं नाव काढलं रे काढलं की तुला साहेब बोलावतात, नाहीतर नेटवर्क जातं. नाशकाचं नेटवर्क इतकं वाईट असेल असं मला वाटत नाही बाबा. तेव्हा आता गुमान हे वाच, आणि अर्ध्यात ठेवू नकोस. रक्ताची नसले तरी ताई आहे मी तुझी.

आधी मुद्द्याचं सांगते, म्हणजे जीव टांगणीला लागायला नको. इंटरनेटवर तो विश्वकोश आहे ना, कुणीही लिहावा आणि कुणीही खोडावा असा, त्यात आपल्या नागफणी वाहिनीची नोंद झाली आहे. हो, आपलीच वाहिनी! पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांतून चालायची ती. आणि त्या नोंदीत तुझं नाव ठेवायचं की काढायचं यावर तीन महिने वाद चाललाय. नाव ठेवलं तर त्याच्यामागून कॅमेऱ्याची ती गोष्ट येते. नाव काढलं तर वाहिनीच्या इतिहासात सत्यम भिमाजी ओव्हाळ नावाचा माणूस कधी नव्हताच असं होतं. मधला रस्ता सापडत नाही, आणि मला एकटीला ठरवायचा हक्क नाही.

नोंद लिहिली गौरवने. तू त्याला ओळखत नाहीस. नवलाख उंबऱ्याला कारखान्यात इंजिनिअर आहे, तळेगावला राहतो, आणि सुट्टी मिळाली की मावळातली गावं, लेणी, धरणं यांच्यावर फुकट लिहीत बसतो. त्याची बायको मला म्हणाली, यापेक्षा पत्ते खेळले असते तर निदान चार माणसं तरी घरी आली असती. हा गौरव मे महिन्यात मला शोधत कुसगावला आला. म्हणाला, मावशी, तुम्ही बातम्या वाचायच्या ना, मला लहानपणी तुमची भीती वाटायची. मी म्हटलं, अरे, मलाही माझी वाटायची! चहा टाकला आणि लागले सांगायला. वरून रेशमी साडी आणि खाली पायात रबरी स्लिपर, मागच्या भिंतीला तुझ्या आईने, विठाबाईंनी, धुऊन दिलेली निळी चादर, दिव्याच्या उष्णतेने माझी टिकली घरंगळायची आणि तू कॅमेऱ्यामागून नाकाला बोट लावून खूण करायचास. त्याने विचारलं, स्थापना कधी? मी म्हटलं, अठ्ठ्याण्णवच्या गणपतीत. संस्थापक कोण? मी म्हटलं, पैसा सोपानआबांचा, खोल्या आबांच्या, गिरणी आबांची, पण तार ओढली, डिश बसवली, कॅमेरा हातात धरला आणि मला ‘खुर्चीत ताठ बसा’ म्हणून दरडावलं ते सत्यमने. त्याने आबांचं नाव लिहून घेतलं.

मग मी त्याला निधनवार्तेच्या पट्टीबद्दल सांगितलं. तूच सांग, वाहिनीवर लोक बघायचे काय? माझं तोंड? छे! बातम्या संपल्या की काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत कोण गेलं, कुठल्या गावचं, मागे कोण आहे, आणि विधी कधी, कुठे. सगळं मावळ त्यासाठी टीव्ही लावायचं. बायका तव्यावर भाकरी टाकून बाहेर डोकावायच्या. आबांनी त्याचा कधी रुपया घेतला नाही, हे त्यांचं मोठेपण मी आजही मान्य करते. केबल कामशेतपर्यंतच होती, म्हणून तू रोज कॅसेट घेऊन फटफटीवरून टाकव्याला जायचास आणि तिथल्या केबलवाल्याकडे लावायचास. टाकव्याची माणसं म्हणायची, लोणावळ्यापेक्षा आपल्याकडं माणूस अर्धा तास उशिरा मरतो. गौरव हे ऐकून इतका हसला की त्याचा चहा सांडला.

आणि तुझ्या चुलत्याची गोष्ट सांगितली. तुला आठवते का रे? आठवतच असणार. पहिल्याच वर्षी टाकव्याहून निरोप आला की ओव्हाळांचे म्हातारबाबा गेले. आपल्याकडे मजकुराचा एकच साचा होता, त्यात नाव घातलं की पुढचं आपोआप यायचं, ‘दशक्रिया विधी इंद्रायणी घाटावर’. तू त्या दिवशी घरी होतास, दुःखात होतास. पट्टी गेली तशीच गेली. विधीच्या दिवशी सकाळी अर्धं गाव घाटावर जाऊन उभं राहिलं, कावळ्याची वाट बघत. आणि टाकव्याच्या विहारात तुमच्या घरची माणसं जलदान विधीला बसलेली, शिजवलेलं अन्न तसंच पडलेलं, माणूस येईना. ज्याने आयुष्यभर सगळ्यांच्या मयतीला खांदा दिला त्याच्या शेवटच्या कार्याला गाव नाही. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. एवढंच की सगळ्यांचं मरण आपल्यासारखंच असतं असं आम्ही धरून चाललो होतो. परत आलास तेव्हा मला वाटलं होतं, हा आता खुर्च्या फेकणार. तू सरळ मशीनवर बसलास, दुसरा साचा केलास, ‘जलदान विधी व पुण्यानुमोदन’, आणि भिंतीवर खडूने लिहिलंस, घरच्यांना विचारल्याशिवाय लिहायचं नाही. पुढे त्याच नियमाने आपण मशिदीजवळच्या घरांना विचारायला लागलो, चर्चमागच्या घरांना विचारायला लागलो. प्रत्येकाचं कार्य त्याच्या त्याच्या शब्दांत पट्टीवर यायला लागलं. मला विचारशील तर नागफणी वाहिनीने या तालुक्याला दिलेली एकच गोष्ट ही, आणि ती तू दिलीस.

गौरवने सगळं मन लावून ऐकलं. डोळ्यात पाणी आलं त्याच्या. आणि मग म्हणाला, मावशी, हे कुठे छापून आलंय का? मी म्हटलं, अरे मी सांगतेय ना, मी तिथे होते. तर म्हणाला, तेच तर अडतं, तुम्ही तिथे होता म्हणूनच तुमचं चालत नाही. विश्वकोशाचा नियम असा की जे आधी कुठेतरी छापलंय, तेच लिहायचं, आणि छापणारा घरचा नको, बाहेरचा हवा. मला आधी असा संताप आला! म्हणजे बघ, आपल्याकडे घरच्यांना विचारल्याशिवाय लिहायचं नाही, आणि यांच्याकडे घरच्यांनी सांगितलेलं लिहायचं नाही. पण रात्रभर विचार केला तेव्हा त्याचंही पटलं. ज्याला त्याला वाटेल ते लिहू दिलं तर प्रत्येक गल्लीतला पुढारी स्वतःला शिवाजी महाराजांचा सरदार लिहून मोकळा होईल. नियम वाईट नाही. आपल्यासारख्यांच्या गोष्टी कुणी छापल्या नाहीत, दुखणं तिथे आहे.

छापलेलं काय सापडलं? गौरवने पुण्यातल्या वाचनालयात धूळ खात शोधलं, तर मोजून तीन बातम्या. एक वाहिनी सुरू झाल्याची, तिच्यात आबांचा फेटा बांधलेला फोटो. एक वाहिनी बंद पडल्याची, सेट टॉप बॉक्स आणि मोबाईलने आपलं कंबरडं मोडलं तेव्हाची. आणि मधली, २००९ ची. ‘स्थानिक वाहिनीचा कॅमेरा चोरीस, स्थापनेपासून तंत्रज्ञ असलेला सत्यम भिमाजी ओव्हाळ ताब्यात’. चार ओळी. तू वाहिनीच्या स्थापनेपासून होतास, हे जगात एकाच ठिकाणी छापलंय, आणि ते या बातमीत. बाकी कुठे तुझं नाव नाही. गौरवला बिचाऱ्याला काय ठाऊक? त्याने नियमाप्रमाणे दोन्ही लिहिलं. वर ‘तंत्रज्ञ’ म्हणून तुझं नाव, खाली ‘वाद’ असा मथळा देऊन चोरीचं. मी ती नोंद मोबाईलवर वाचली आणि तिथल्या तिथे गौरवला फोन लावला.

त्या दिवसांबद्दल तुला मी काय सांगणार, तू ते भोगलंस. पण हे पत्र कधी दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्यालाही कळावं म्हणून लिहिते. नवा कॅमेरा खोलीतून गेला. खोलीची किल्ली तुझ्याकडे असायची, म्हणून आबांनी तक्रारीत तुझं नाव दिलं. किल्ली आबांचा पुतण्या गोरख यालाही दिलेली होती, ते मात्र त्यांना त्या दिवशी आठवलं नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तुला घेऊन गेले, भिमाजीभाऊ चौकीबाहेर पावसात उभे राहिले, मी डबा घेऊन गेले तर तू तो परत पाठवलास. आठवड्याने गोरख कॅमेरा खांद्याला लावून आला. कर्जतकडे कुणा मित्राच्या लग्नाचं शूटिंग करायला न विचारता नेला होता. आबांनी तक्रार मागे घेतली. तुला सोडलं. पेपरवाल्यांनी त्याची एक ओळ छापली नाही. मी आबांना म्हटलं, आज बातम्यांत मला एक वाक्य वाचू द्या, सत्यमचा काही दोष नव्हता, बस. तर म्हणाले, अगं ज्योत्स्ना, घरातली भानगड चव्हाट्यावर कशाला? मी म्हटलं, मग त्याची आणलीत ती काय होती? त्या संध्याकाळी मी खुर्चीतून उठले ती परत बसले नाही. आणि तू बायको आणि दोन वर्षांची पोर घेऊन नाशकाला गेलास. भिमाजीभाऊ गेले तेव्हा जलदान विधीला आलास आणि त्याच दिवशी परत फिरलास. माझ्याकडे चहालाही थांबला नाहीस, याचा मला अजून राग आहे.

असो. मी गौरवला हे सगळं सांगितलं. तो चांगला मुलगा आहे. म्हणाला, मावशी, ज्याच्यावर काही सिद्ध झालं नाही अशा साध्या माणसाचं नाव असल्या प्रकरणात लिहू नये, असाही नियम आहे. मी आजच काढतो. आणि खरंच काढलं. चोरीचं काढलं आणि त्या बातमीचा आधारच गेला म्हणून वरचं तंत्रज्ञ म्हणून असलेलं नावही गेलं. मी देवापुढे दिवा लावला. सुटलास, असं वाटलं. मग पुन्हा नोंद वाचली. ‘ही वाहिनी सोपानआबांनी सुरू केली व चालवली.’ चालवली! ज्या माणसाला रिमोटचं कुठलं बटण दाबायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही त्याने चालवली. तेव्हा मला वाटलं, ही सुटका कसली? आधी चोर ठरवून घालवलं आणि आता स्वच्छ पुसून घालवलं.

पुढे एक विचित्र प्रकार झाला. तुझं नाव परत आलं. चोरीचं नाही, तेवढंच, ‘तंत्रज्ञ व छायाचित्रकार: सत्यम भिमाजी ओव्हाळ’. आणि पुढे एक वाक्य, ‘त्यांनी कॅमेरा चोरला नव्हता.’ संदर्भ द्यायचा असतो तिथे लिहिलेलं, ‘मला माहीत आहे.’ गौरवने नियमाप्रमाणे ते खोडलं. दोन दिवसांनी परत तेच. परत खोडलं, परत आलं. नोंदीच्या मागे एक चर्चेचं पान असतं. कॅमेरा सत्यमच धरायचा, असं मी तिथे माझ्या नावाने, कुसगावचा पत्ता देऊन, आधीच लिहिलं होतं. आता तिथे इतर लिहिणारे गौरवला बोलायला लागले. एकाने तर म्हटलं, एवढ्याशा वाहिनीची नोंद हवीच कशाला, सगळी उडवून टाका. तुझं नाव परत परत लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, पण नाशकाहून लिहिलं जातंय असं गौरवला दिसलं. मला आनंद झाला रे! मला वाटलं, तूच आहेस. सोळा वर्षांनी का होईना, तुझी वाचा फुटली. म्हणून तर मी तुला राखीपौर्णिमेला फोन केला, आठवतं? आडून आडून विचारलं, सध्या काही लिहितोस का? आणि तू म्हणालास, ताई, मी हजेरीच्या सहीपलीकडे काही लिहीत नाही, आणि त्या वाहिनीचं म्हणाल तर मी ती विसरलो. तुझा आवाज असा कोरडा होता की मला कळलं, तो तू नाहीस.

मग मी आपल्या जुन्या नियमाप्रमाणे घरच्यांना विचारायला गेले. एसटीने कान्हे फाट्याला उतरून सहा आसनी रिक्षाने टाकव्याला. विठाबाई ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. तब्येत बरी आहे, ऐकायला कमी येतं, जीभ मात्र तशीच धारदार. मी त्यांना सगळं समजावलं, की नाव ठेवलं तर बदनामी राहते, काढलं तर नावच जातं, तुम्ही सांगा काय करू. सुपातून हात न काढता म्हणाल्या, ‘आळ त्येंनी घातला. नाव आमी ठिवलं व्हतं, म्या आन् तेच्या बापानं. मंग आळ काडायचा सोडून तुमी नाव कशापायी काडता?’ मग म्हणाल्या, ‘माजं पोरगं मला दरसाली नाशकाला नेतं, डोळं दाखवतं, लुगडं घेतं. समदं करतं. पर हितल्या उंबऱ्याला पाय लावत न्हाई. नातीला सोताचं गाव म्हाईत न्हाई. तितं जाऊन म्या काय गप बसायचं? त्यानं शपत घातलीया, पोरीपुढं बोलायचं न्हाई म्हनून. लय जड जातं, बाई.’ येताना त्यांनी मला तांदळाची पिशवी दिली आणि दारापर्यंत सोडायला आल्या. सत्यम, मी तुझ्यावर रागावणार होते, पण विठाबाईंचा चेहरा बघून मला नुसतं रडू आलं.

वाटेत मी ठरवलं की छापलेलंच हवं ना, मग छापून आणू. पुण्याच्या एका साप्ताहिकाच्या बाईंशी बोलले. त्या मावळच्या जुन्या केबल वाहिन्यांवर लेख करायला तयार आहेत. मी बोलेन, निधनवार्तेचं, दोन साच्यांचं, सगळं. आणि गोरखही बोलेल. हो, गोरख! आबा करोनात गेले, त्यांच्या शेवटच्या कार्याची पट्टी दाखवायलाही वाहिनी उरली नव्हती. तेव्हापासून गोरख बदललाय. टायगर पॉइंटला पर्यटकांची गाडी चालवतो, गुडघ्याएवढी पोरं आहेत. मी नुसतं विचारलं तर रस्त्याच्या कडेला गाडी लावून म्हणाला, ‘मावशी, मी सांगतो पेपरात, माझ्या नावानिशी सांगतो. पण सत्यमदादा हो म्हणाला तरच. त्याला परत उघड्यावर मी आणणार नाही.’ आबांना सगळं कळलं होतं आणि तरी ते गप्प राहिले, हेही तो सांगायला तयार आहे. हे छापून आलं की गौरवच्या हातात संदर्भ येतो. मग नोंदीत तुझं नाव राहील, आळ होता हे राहील, आणि तो खोटा होता हेही राहील. म्हणजे तू एकदा हो म्हणायचं आहेस. इथवर वाचून तुला वाटेल, ताईने एवढ्यासाठी एवढं लांबण लावलं. तसं नाही रे. हे मी फोनवर तुझ्या मागे लागून कधी ना कधी करून घेतलंच असतं.

गेल्या आठवड्यात दुपारी माझ्या दारात एक मुलगी उभी राहिली. पाठीवर सॅक, केस भिजलेले, कपाळ हुबेहूब विठाबाईंचं. म्हणाली, तुम्ही ज्योत्स्नाताई ना, चर्चेच्या पानावर स्वतःच्या नावाने लिहिता त्या? मी माधवी. मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं घरी सांगून आले आहे. जूनमध्ये तुझ्या वाढदिवसाला काहीतरी करावं म्हणून ती तुझे जुने फोटो शोधत होती, आणि तुझं नाव टाकल्यावर समोर ती नोंद आली. तेव्हापासून तिला माहीत आहे, सत्यम. त्या चार ओळी वाचून ती तुझ्यासमोर बसून जेवली आहे, तुझा डबा भरला आहे. परत परत तुझं नाव लिहिणारी तीच. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं की त्याने नेला नव्हता? आजीने? म्हणाली, कुणीच नाही, मी त्यांची मुलगी आहे ना, मला माहीत आहे. आणि चोरीबद्दल तिने मला एक प्रश्न विचारला नाही. विचारलं ते एवढंच की पप्पा कॅमेरा कसा धरायचे? तुझ्या हातात कधी कॅमेरा होता हेच तिला ते पान वाचेपर्यंत ठाऊक नव्हतं. घरी कुणी फोटो काढायला मोबाईल दिला तर पप्पा परत देतात, म्हणाली. मी उभी राहून तिला दाखवलं, डावा पाय पुढे, श्वास रोखलेला, एक डोळा मिटलेला. बघता बघता तिने तोंडावर ओढणी धरली. मी म्हटलं, चल, टाकवं जवळ आहे, आजीकडे नेते तुला. तर नको म्हणाली, तिथे मला पप्पांनी न्यायला हवं.

जाताना तिने मला शपथ घातली की पप्पांना कळू द्यायचं नाही. कारण विचारलं तर म्हणाली, त्यांनी मला कळू नये म्हणून गाव सोडलं, त्यांना कळलं की मला कळलंय तर ते कुठे जातील? तिची ती शपथ मी हे लिहून मोडते आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. नोंदीचं तू सावकाश ठरव. हो म्हण, नाही म्हण, गौरव थांबेल, गोरख थांबेल, सोळा वर्षं थांबलं ते आणखी थांबेल. पण पोर तीन महिने हे एकटीने उरावर घेऊन तुझ्या घरात वावरते आहे, आणि तिला साप्ताहिकात छापलेलं नको आहे, तुझ्या तोंडून हवं आहे. रविवारी ती घरी असते. चहा झाला की तिला जवळ बसव आणि पहिल्यापासून सांग, निळ्या चादरीपासून. तिला काहीच ठाऊक नाही असं धरून सांग. रडली तर आत्ताच कळलं म्हणून रडते आहे असं समज. तिला वाटू दे की पप्पांनी आपणहून सांगितलं. म्हणून हे मी तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर धाडलं आहे. वाचून झालं की घरी नेऊ नकोस.

तुझीच ताई,
ज्योत्स्ना